मूल अठरा वर्षांचे झाल्यावर सही कोणाची? महसूल मंत्र्यांना खुले पत्र

मा. महसूल मंत्री, महाराष्ट्र राज्य,

स.न.वि.वि.

‘आमच्या माघारी याचं कसं होणार?’ असं बौद्धिक दिव्यांग मुलांचे आई-वडील विचारतात, तेव्हा त्यांना दिव्यांग कल्याण विभागाचा रस्ता दाखवला जातो. काम मात्र अडतं तुमच्या खात्यात. पालक नेमणाऱ्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी, हक्कसोडपत्र नोंदवून घेणारे दुय्यम निबंधक आणि वारसांचा फेरफार धरणारे तलाठी, तिघेही महसूलचे. म्हणून हे पत्र तुम्हाला.

मूल अठरा वर्षांचं झालं की आई-वडिलांचं कायदेशीर पालकत्व संपतं, मग त्याला व्यवहार कळो वा न कळो. सातबारावरची ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) ही नोंद निघते आणि त्याच्या हिश्श्यासाठी कोण बोलणार, हे कागदावर कुठेच उरत नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात वाट आहे. जिल्हाधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती अशी स्थानिक स्तर समिती कायदेशीर पालक नेमते. तिची बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा व्हावी, असं कायदाच सांगतो. या बैठकांच्या तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावा. अर्ज करणारे अनेकदा सत्तरी ओलांडलेले असतात. त्यांच्यासाठी पुढे गेलेली एक बैठक फार महाग पडू शकते.

पालकत्वाचा आदेश आई-वडिलांच्या नावे असेल, तर तो त्यांच्याबरोबरच संपतो. पुढच्या माणसाला पहिल्यापासून अर्ज करावा लागतो आणि तोवर मुलाचं बँक खातं अडकून पडतं. पहिल्याच अर्जात पुढच्या पालकाचं नाव आणि लेखी संमती घेऊन ठेवली, तर मृत्यूचा दाखला येताच नव्या नेमणुकीचा अर्ज लगेच सुनावणीला घेता येईल. नेमलेल्या पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि दर आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब द्यायचा असतो. तो हिशेब वाचायला एक अधिकारी नेमा. कोणी वाचत नाही हे कळलं, की हिशेब येणं थांबतं.

सगळ्यात मोठं नुकसान हक्कसोडपत्रात होतं. दुय्यम निबंधकांसमोर फोटो निघतो, अंगठा उमटतो, दोन ओळखदार सह्या करतात आणि भावाचा हिस्सा भावाच्या नावे जातो. अंगठा देणाऱ्याला काय कळलं, हे विचारायचं राहून जातं. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३५ प्रमाणे करून देणारा व्यवहार समजण्याच्या स्थितीत दिसत नसेल, तर नोंदणी नाकारायची असते. नातेवाइकांना बाहेर बसवून दोनच प्रश्न विचारावेत: ही जमीन आज कोणाची आहे? अंगठा दिल्यावर कोणाची होईल? मात्र याचा काच अंध, कर्णबधिर किंवा व्हीलचेअरवरच्या माणसाला होता कामा नये. पाहायची ती समज. दिव्यांगत्वाचं कार्ड पाहून व्यवहार अडवणं हाही अन्यायच. वारस नोंदीतही असंच घडतं. फेरफाराच्या नोटिशीवर हरकतीला पंधरा दिवस मिळतात. वगळलेला वारस नोटीसच वाचू शकत नसेल, तर हरकत घेणार कोण?

मृत्युपत्राबाबत पालकांना चुकीची माहिती मिळते. ‘फ्लॅट मोठ्याच्या नावे करा, तो सांभाळेल’ हा सल्ला सर्रास दिला जातो. पण मोठाच आधी गेला, तर फ्लॅट त्याच्या बायको-मुलांचा होतो आणि धाकट्याच्या हातात फक्त जुना शब्द उरतो. नॉमिनी लावून भागत नाही, कारण नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. बरी सोय म्हणजे खासगी विश्वस्त निधी (प्रायव्हेट ट्रस्ट), म्हणजे मुलासाठी मालमत्ता विश्वस्तांच्या हाती सोपवणं, १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याखालचा. स्थावर मालमत्ता त्यात घालायची, तर नोंदणीकृत दस्त हवा, नाहीतर मृत्युपत्रातून तरतूद हवी. धर्मादाय आयुक्तांकडे त्याची नोंदणी नसते, तरी पालकांना तिकडे हेलपाटे पडतात. विश्वस्त किमान दोन असावेत, त्यांतला एक पालकांपेक्षा बऱ्याच कमी वयाचा. शिल्लक रक्कम शेवटी ज्या भावंडाला जाणार, त्यालाच एकटा विश्वस्त करू नये. औषधावर न झालेला प्रत्येक खर्च त्याच्या खिशात जातो. सोबत एक साधा कागद जोडावा: कोणती गोळी किती वाजता, कशाने तो घाबरतो, कोणाच्या हाताने जेवतो. प्रत्येक दुय्यम निबंधक कार्यालयात मृत्युपत्र आणि विश्वस्त निधीची ही माहिती एका पानावर, मराठीत लावता येईल.

मानसिक आजार असलेल्यांना ही स्थानिक समिती लागू नाही. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्यांच्या मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद होती, ती २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात राहिली नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम १४ खालच्या मर्यादित पालकत्वाची (ठरावीक निर्णयांपुरतं, त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून चालणारं पालकत्व) कार्यपद्धती त्यांना सांगणारं कोणी तरी तहसीलमध्ये असावं.

आणि सातबाराच्या ‘इतर हक्क’ रकान्यात कायदेशीर पालकाचं नाव, आदेशाचा क्रमांक व तारीख नोंदवण्याचं परिपत्रक काढावं. अज्ञान मुलासाठी जी नोंद आपण वर्षानुवर्षं घेत आलो, तीच या प्रौढ मुलांसाठी हवी आहे.

आपले,
दिव्यांग मुलांच्या पालकांना पालकत्व व मृत्युपत्राच्या कामात मदत करणारे कार्यकर्ते