इथेही तोच वास

लाँगव्ह्यू, वॉशिंग्टन राज्य
रविवार

ती. आई आणि बाबांना साष्टांग नमस्कार.

फोनवर दर तिसऱ्या वाक्याला आवाज तुटतो, म्हणून आज कागद घेऊन बसले. बाबा, तुम्ही मागे विचारलं होतं, "गाव लाकडावरच उभं ना? मग लाकूड संपलं की काय?" तेव्हा मी टाळलं. खरं तर मला माहीतच नव्हतं.

आधी वासाचं सांगते. पहिल्या सकाळी खिडकी उघडली आणि थेट बल्लारपूर! पेपर मिलवरून वारा फिरला की येतो ना, कोबी उकडून विसरल्यासारखा, तोच. तिकडे बांबू शिजायचा, इथे फरच्या झाडाच्या चिपा. पण कॉस्टिक आणि गंधकाचं पाणी दोन्हीकडे सारखंच. घरमालकीण ओशाळून म्हणाली, "होईल सवय." मी म्हटलं, बाई, मी याच वासात दहावीचा अभ्यास केलाय.

हे गाव आपोआप वाढलेलं नाही, चक्क कागदावर आखलेलं आहे. रॉबर्ट लाँग हा कॅन्सस सिटीचा लाकूडवाला. अमेरिकेच्या दक्षिणेतलं पाइन तोडून तोडून संपत आलं, तेव्हा सत्तरीत आलेल्या या माणसाने इकडची जंगलं घेतली. (आपल्याकडे या वयात माणूस नातवंडांना शाळेत सोडतो.) गिरण्यांना हजारो कामगार हवे, त्यांना राहायला गाव हवं. कोलंबिया आणि काउलिट्झ नद्यांच्या संगमावरची सखल जमीन घेतली, बांध घातले आणि १९२३ मध्ये गाव वसवलं. बांध लागणारच होते. इथली आधीची माँटिसेलो नावाची वस्ती १८६७ च्या पुरात वाहून गेली होती. तेच नाव लाँगने नव्या हॉटेलला दिलं. वाचनालय त्याने स्वतःच्या पैशातून बांधून दिलं. आखणी होती पन्नास हजार माणसांची. पुढे मंदीने कंपनीचं कंबरडं मोडलं, १९३४ मध्ये लाँगही गेला. शंभर वर्षं उलटली तरी वस्ती अडतीस हजारांच्या आसपासच आहे. रस्ते मात्र पन्नास हजारांचेच! संध्याकाळी सातला एवढ्या रुंद रस्त्यावरून मी एकटीच चालत असते.

एका गोष्टीचा हेवा वाटला. इथे कंपनीने प्लॉट पाडून विकले. शेजारच्या आजोबांच्या वडिलांनी तेव्हा घेतलेल्या जागेवर ते अजून राहतात, दाराची कडीसुद्धा जुनीच. मला आपलं मिलचं क्वार्टर आठवलं. बाबा रिटायर झाले तेव्हा आईने तुळशीची कुंडी टेम्पोत पायाशी धरून आणली, पण कढीपत्त्याचं झाड तिथेच राहिलं.

आता तुमचा प्रश्न. बंदरावर ओंडक्यांच्या थप्प्या लागलेल्या असतात, बरेचसे जहाजाने परदेशी जातात. एका ओंडक्याची वर्तुळं मी बोटाने मोजली, सेहेचाळीस भरली. म्हणजे लावलेलं झाड. तोडायचं, लावायचं, चाळीस-पन्नास वर्षं थांबायचं, असं चाललंय. पण लाँग ज्या झाडांसाठी आला, शेकडो वर्षांची, बुंध्यावर बैलगाडी उभी राहील अशी, ती त्याच्याच माणसांनी आणि इतरांनी कापून नेली. तशी परत लावता येत नाहीत. त्यामुळे उत्तर अर्धं हो, अर्धं नाही.

आई, तुझ्यासाठी खारींचा पूल. खारी गाड्यांखाली येतात म्हणून एका कंत्राटदाराने १९६३ मध्ये रस्त्यावर, झाडापासून झाडापर्यंत, साठ फुटी पूल टांगला. ॲल्युमिनियमचा नळ आणि आगीच्या बंबाचा जुना पाइप, बस. मी अर्धा तास मान वर करून उभी होते. एक खार आली, अर्ध्यापर्यंत गेली, परत फिरली. तुझं बाजारात असंच होतं!

सांबार, म्हणजे कोथिंबीर, मिळतो इथे, काळजी करू नकोस. सांबारवडी केली होती, तळताना फुटली. पारीला मोहन किती घालायचं ते लिही.

आणि बाबा, एक काम. इथे पाऊस महिनोन्‌महिने थांबत नाही. गेल्या आठवड्यात मिलमध्ये रात्रपाळीला ओल्या सालीने चिपांची चाळणी पहाटेपर्यंत दोनदा तुंबली, मी फावडं घेऊन आत. पावसाळ्यात ओला बांबू आला की तुम्ही काय करायचात? आठवेल तेवढं लिहा, चित्र काढून दिलंत तर फारच बरं.

तुमची,
मनी