पत्त्याच्या रकान्यात 'कोप्या'

ग्रंथपाल काका,
सप्रेम नमस्कार.

२००८ च्या हंगामात वाळवा तालुक्यात तुमच्या गावाबाहेर बीडची ऊसतोडीची टोळी उतरली होती, त्यातल्या एका कोयत्याची मी पोर. कोयता म्हणजे आई-बाप, दोघं मिळून एक. सातवी अर्धी गावाकडंच राहिलेली. धाकट्याला कोपीत, म्हणजे आमच्या पाचटाच्या खोपटात, निजवून मी वाचनालयाच्या पायरीशी उभी राहायचे. वर्तमानपत्र फुकट वाचता येतं हे कुठं ठाऊक होतं! तुम्ही रजिस्टर पुढं सरकवलंत. पत्त्याच्या रकान्यात मी 'कोप्या' लिहिलं, ते तुम्ही तसंच राहू दिलंत. पुस्तकं न्यायला लागले तेव्हा माझी अनामत तुम्हीच भरली होती, हे मागाहून कळलं. गावच्या ग्रंथपालाला मिळतं किती, ते आता माहीत आहे, म्हणून ते पैसे अजून टोचतात.

मार्चअखेर पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला. टोळीचा मुकादम म्हणाला, हंगामाआधी आगाऊ घेतलेली उचल फिटली नाही, वीस हजार अंगावर राहिले; थोरला पोरगा वीटभट्टीवर ठेवा आणि जा. बापानं मान हलवली. उचल घेतली की माणूस गहाण, हे आमच्यात जन्मापासून पाठ असतं. पुस्तक परत द्यायला आले आणि रडू फुटलं. तुम्ही साधं 'रडू नको' म्हणाला नाहीत (तेव्हा रागच आला होता). कपाटातून पातळशी पुस्तिका काढलीत, १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा. "कलम सहा. मोठ्यानं वाच."

कर्जापायी माणूस वेठीला बांधला असेल, तर ते कर्ज फेडायची जबाबदारीच संपते, असं छापलेलं. तीनदा वाचलं. बापाला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, हे मुकादमाला माहिताय का?

टोळी गेली, आम्ही कोपीतच राहिलो. अर्ज माझ्या अक्षरात, शब्द तुमचे. प्रांत कचेरीत तो महिनाभर पडून होता. मग तुम्ही २००५ च्या माहिती अधिकाराखाली दुसरा लिहायला लावलात: पहिल्यावर काय केलं, कुठल्या तारखेला, कागद कुणाच्या टेबलावर आहे? दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट, तीस दिवसांची मुदत. लेखी उत्तर कधीच आलं नाही. पण बाविसाव्या दिवशी भट्टीवर साहेबाची जीप गेली आणि मृगाच्या आधी दादा आमच्यात आला. मुकादमावर गुन्हा काही नोंदला गेला नाही. पुढच्या साली तो दुसरीच टोळी घेऊन निघाला.

मी आता शाळेत शिकवते. आज ७ नोव्हेंबर, विद्यार्थी दिन. १९०० साली याच दिवशी साताऱ्याच्या शाळेतल्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकासमोर 'भिवा' असं नाव चढलं, ते बाबासाहेबांचं. पोरांना हे सांगताना डोळ्यांपुढं तुमचं रजिस्टर होतं, कडा तेलकट झालेलं.

काका, तुमचे फार उपकार आहेत. यंदाच्या टोळ्या तिकडं उतरल्या असतील. सोबत कलम सहा मोठ्या अक्षरात छापून पाठवतेय, बाहेरच्या फळ्यावर लावा. कुणीतरी फाडणारच, म्हणून वीस प्रती आहेत.

तुमची,
कोप्यांवरची पोर