आधी दरवाजाच्या फटी मोज

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेले फोटो काल रात्री तीन-चार वेळा पाहिले. चाकांत हवा नाही, टप फाटलेला, बॉनेटवर धुळीचा थर आणि त्या धुळीत तू बोटाने ओढलेली एक लांब रेघ. 1971 ची एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, दोन सीटची, उघड्या टपाची. तुझी पहिली जुनी गाडी! मला किती आनंद झाला ते फोनवर धड सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसलो. आणि आनंदाबरोबर एक काळजीही आहे.

तू म्हणालीस, "बाबा, सुट्टीत पूर्ण खोलते. नट न् नट सुटा करते, रंग देते आणि परत जोडते." हे वाक्य मी आधी ऐकलं आहे, माझ्याच तोंडून.

तुला आपली ती पहिली गाडी कितपत आठवते कोण जाणे. तू सहा वर्षांची होतीस. मी गाडीखाली आणि तू चाकाच्या कमानीपाशी उकिडवी बसून टॉर्च धरायचीस. तीन आठवड्यांत मी सगळी गाडी खोलली. खोलणं सोपं असतं गं. रोज संध्याकाळी काहीतरी निघतं, ढीग वाढतो, काम पुढे सरकतंय असं वाटत राहतं. बोल्ट डब्यांत टाकत गेलो. डब्यांवर काही लिहिलं नाही, कारण कुठला बोल्ट कुठला ते तेव्हा तोंडपाठ होतं. चार महिन्यांनी त्यातलं काही आठवेना. त्यातच दरवाजांखालचे सिल कापताना जी चूक केली ती पुढे सांगतोच. दोन वर्षांनी ती गाडी एक सांगाडा आणि नऊ खोकी अशा अवस्थेत दुसऱ्याच्या हवाली केली. ट्रेलर वळेपर्यंत तू दारात उभी होतीस. तू मला काहीच विचारलं नाहीस. ते मला अजून लागतं.

म्हणून सांगतो, ही गाडी एका दमात खोलू नकोस. एक काम उघड, ते पुरं कर, बंद कर, मग दुसऱ्याला हात घाल. ब्रेक तर फक्त ब्रेक. तिला आधी चालती कर. रंगाचा विचार सगळ्यात शेवटी. चालणाऱ्या गाडीवर माणूस वर्षानुवर्षं काम करत राहतो. खोक्यातल्या गाडीकडे पाहावंसं वाटेनासं होतं.

आता सिलचं. या गाडीला खाली वेगळी चेसिस नाही. पत्र्याचं अंग हाच तिचा सांगाडा. त्यात ही उघड्या टपाची, म्हणजे वरून आधार देणारं छतही नाही. पुढचं इंजिन आणि मागचा ॲक्सल यांच्यामधला सगळा भार दोन्ही दरवाजांखालून जाणाऱ्या लांब पेट्या पेलतात. त्या पेट्या म्हणजे सिल. बाहेरून एकच पत्रा दिसतो, पण आत एक उभा पडदा असतो, पलीकडे आतला सिल आणि खाली एक पट्टी. तीन-चार थर वेल्डिंगने एकत्र बांधलेले. पाणी निघायची भोकं चिखलाने बुजली की पाणी आत साचतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगाला फोड दिसेपर्यंत आतला पडदा बहुतेक खाऊन गेलेला असतो. त्यामुळे वरचा पत्रा चकचकीत दिसतो म्हणून भुलू नकोस. एक लोहचुंबक फडक्यात गुंडाळून सिलवरून आणि चाकांच्या कमानींवरून फिरव. जिथे तो धरत नाही तिथे पुट्टी आहे. मग खालच्या कडेला बोथट स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. चांगला पत्रा खणकन वाजतो, सडलेला भद्द.

माझी चूक अशी झाली. दोन्ही बाजूंचे सिल एकाच दिवशी कापले आणि गाडी उभी होती पुढच्या-मागच्या टोकांना लावलेल्या स्टँडवर. मधला आधार गेला आणि गाडी मध्येच बसली. आवाज नाही, धक्का नाही. दुसऱ्या दिवशी दरवाजा टांगून पाहिला तर वरच्या मागच्या कोपऱ्यात तो बॉडीला घासत होता आणि खाली बोट जाईल एवढी फट. त्याच अवस्थेत मी नवे सिल वेल्ड करून टाकले, म्हणजे वाकलेली गाडी वाकलेलीच पक्की केली. पुढे कितीही ठोकाठोक केली तरी तो दरवाजा लागला नाही.

तुझ्या गाडीचे सिल गेले असतील तर रस्त्यावर नेण्याआधी ते करायलाच हवेत, त्यात तडजोड नाही. पण एका वेळी एकच बाजू. गाडी सपाट जमिनीवर, भार सस्पेन्शनवर, म्हणजे चाकांवर किंवा ॲक्सलखालच्या आधारांवर. दरवाजाच्या चौकटीत पुढून मागे लोखंडी चौकोनी पाइप वेल्ड करून टेकू दे. कापण्याआधी दरवाजा बसवून फट पाहा, नवा पत्रा नुसता टाचून झाला की परत पाहा, पूर्ण वेल्डिंगनंतर पुन्हा पाहा. वेल्डिंगचे टाके एकमेकांपासून लांब घाल आणि जागा बदलत राहा, नाहीतर उष्णतेने पत्रा ओढला जातो. वेल्डिंग नवीन असेल तर महिनाभर टाकाऊ पत्र्यावर हात बसव. सिलवर शिकू नये. आणि अजून भरवसा वाटत नसेल तर एवढं काम जाणत्या वेल्डरकडून करून घे, मला त्यात काहीही कमीपणा वाटणार नाही.

पान्यांबद्दल एक गोष्ट. तुझ्याकडचा सेट मिलिमीटरचा आहे. ही गाडी इंचांची. अर्ध्या इंचाचा नट म्हणजे 12.7 मिलिमीटर, त्यावर 13 चा पाना बसल्यासारखा वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. ब्रेकच्या पाइपचे नट तर फारच मऊ. आधी इंचाचा सेट घे, मग गाडीला हात लाव. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री गंजात शिरणारं भेदक तेल सोडून ठेव, सकाळी आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने हलव, मग सोड. निघालेला प्रत्येक बोल्ट शक्य तर त्याच भोकात दोन आटे फिरवून परत ठेव. नाही जमलं तर पिशवी, पिशवीवर नाव आणि खोलण्याआधी फोटो.

इंजिनाची मला फारशी चिंता नाही. 1798 सीसीचं, ओतीव लोखंडाचं, पाच बेअरिंगचं ते इंजिन दणकट आहे. पण वर्षानुवर्षं उभं राहिलं आहे, म्हणून त्याला लगेच स्टार्टर मारू नकोस. प्लग काढ, चारही सिलिंडरांत थोडं थोडं तेल सोड, दोन-तीन दिवस थांब. मग चौथ्या गिअरमध्ये टाकून गाडी हाताने हळू पुढे-मागे ढकल आणि फिरतंय का बघ. अडलं तर जोर लावू नकोस, परत तेल, परत वाट. मोकळं झालं की तेल आणि फिल्टर बदल, 20 डब्ल्यू 50 जाडीचं तेल चालेल. प्लग काढलेले असतानाच स्टार्टरने फिरव आणि ऑइल प्रेशरचा काटा वर आलेला पाहिल्यावरच प्लग लाव. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवायची, फट गार इंजिनावर 0.015 इंच. आठ व्हॉल्व्ह आहेत, नऊचा हिशेब धर. आठवा पूर्ण उघडा असेल तेव्हा पहिल्याची फट लावायची, सातवा उघडा तेव्हा दुसऱ्याची, बेरीज नेहमी नऊ. प्लगची फट 0.025 इंच, फायरिंगचा, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा, क्रम 1-3-4-2.

टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक, ते वार्निशसारखं वास मारत असेल. नवं भरून चावी फिरवलीस की मागच्या चाकाच्या बाजूने टक-टक-टक ऐकू येईल. तो टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप. कार्ब्युरेटर भरले की टकटक मंदावते आणि थांबते. थांबलीच नाही तर पेट्रोल कुठेतरी गळतंय किंवा पोहोचतच नाही. लगेच चावी बंद कर आणि शोध.

आणि कार्ब्युरेटर! एसयू कंपनीची जोडी. मला या गाडीत सगळ्यात जास्त प्रेम त्यांचं आहे, म्हणून जरा जास्त लिहितो. वर घुमटासारखा डबा, आत एक पिस्टन, पिस्टनला लटकलेली निमुळती सुई. इंजिन जेवढी हवा ओढतं तेवढा पिस्टन उचलला जातो, सुई जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या भोकातून, वर येते आणि निमुळती असल्यामुळे तेवढंच जास्त पेट्रोल सुटतं. हवेप्रमाणे पेट्रोल, आपोआप. घुमटाचं झाकण काढून पिस्टन बोटाने उचल आणि सोड. तो मोकळेपणाने खाली येऊन तळाशी टिक् असा स्वच्छ आवाज करायला हवा. घासत आला तर आतून धुऊन कोरडा कर. पॉलिश पेपर लावायचा नाही, ती फट फार बारीक असते. वरच्या नळीत पातळ तेल लागतं, ते नसेल तर ॲक्सिलरेटर दाबताच गाडी अडखळते. मिश्रण तपासायला इंजिन गरम झाल्यावर एकाच कार्ब्युरेटरचा पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचल. वेग क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आला तर ठीक. वाढला आणि वाढलेलाच राहिला तर पेट्रोल जास्त. लगेच पडायला लागला तर कमी. पण त्याआधी दोन्ही सारखी हवा ओढतायत का ते बघ. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं आळीपाळीने दोन्ही तोंडांशी, आणि दोन्हीकडची सूंऽऽ एकसारखी यायला हवी. ते मी तुला समोर बसून दाखवणार आहे, कारण ते कानाने शिकायचं असतं.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. रंग समजून घेतले की झालं. तपकिरी बॅटरीकडून थेट, तिला फ्यूज नाही, म्हणून तिच्याशी जपून. पांढरी चावीनंतरची, हिरवी त्यातलीच फ्यूजमधून आलेली, जांभळी फ्यूजमधून कायम चालू, काळी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली. बहुतेक बिघाड काळीतच निघतात. अर्थ जिथे बॉडीला जोडलेली आहे ती जागा घासून लख्ख कर. सीटच्या मागे फरशीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतील, त्या काढून खालचे कप्पे बघ, ॲसिडने सडलेले असतात.

ब्रेकमध्ये काहीही जुनं ठेवू नकोस. रबरी होज बाहेरून धड दिसला तरी आतून फुगलेला असतो. दाब पुढे जातो, मागे येत नाही आणि चाक धरून राहतं. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेतं आणि रंगावर सांडलं तर रंग उचलतं.

आता जे सांगतोय ते बापाचं ऐक. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालायचा नाही. दोन्ही बाजूंना स्टँड, आणि खाली शिरण्याआधी गाडी हलवून बघायची. जुन्या ब्रेकच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, ती फुंकायची नाही, झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीन असतं. त्याने पुसलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केलंस तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. पेट्रोलच्या टाकीला, रिकामी असली तरी, ठिणगी दाखवायची नाही. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हे सगळं मी घाबरवायला लिहीत नाही. तू एकटी काम करणार आहेस म्हणून लिहितो. गाडीखाली जाताना कोणाला तरी सांगून जा.

मी पुढच्या महिन्यात येतो. माझी जुनी फिलर गेज, फट मोजायच्या पातळ पट्ट्यांची, आणि ती रबरी नळी बरोबर आणतो. यावेळी टॉर्च मी धरीन.

तोवर एवढंच कर. चाकांत हवा भर, गाडी सपाट जागी आण आणि दोन्ही दरवाजे बंद करून फटी मोज. प्रत्येक दरवाजाच्या मागच्या कडेला वर, मध्ये आणि खाली, तशाच पुढच्या कडेला. बारा आकडे होतील. कागदावर लिहून फोटो पाठव. ते बघेपर्यंत ग्राइंडर खोक्यातून काढू नकोस.

तुझे,
बाबा