जनुक सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी

मा. संपादक साहेब, नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत समलैंगिकतेच्या संशोधनावर पानभर लेख होता, त्याबद्दल लिहितोय. लेख तसा बरा होता, लिहिणाऱ्याने मेहनत घेतलीय हे कळतं, पण वर मथळा काय तर 'अखेर जनुक सापडलं!', तेही उद्गारचिन्हासकट. ज्याने मथळा लावला त्याने खालचा लेख वाचला नसावा, कारण आत लेखक स्वतःच सांगतोय की असं एक जनुक वगैरे काही नाही. आता लोक मथळा वाचतात आणि पान उलटतात हे तुम्हाला मी सांगायला नको.

मी डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ तर नाहीच. हिस्टोपॅथॉलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन म्हणून ३१ वर्षं काढली. शरीरातून काढलेला तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकायचा, मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रंगवायचे, एवढंच काम. पण हे काम केल्यामुळे एक सवय लागलीय, कोणी म्हणालं की 'मेंदूत फरक दिसला', तर मी आधी विचारतो की तुकडा कुणाचा होता, कशाने गेला होता आणि कागदावर काय लिहिलं होतं.

तुमच्या लेखात मेंदूशास्त्रज्ञ सायमन लव्हे यांचं १९९१ चं काम दोन ओळींत उरकलंय. तो पेपर 'सायन्स' या साप्ताहिकात आला होता. ४१ मेंदू होते, त्यातले १९ समलैंगिक पुरुषांचे (त्यातला एक उभयलैंगिक), १६ 'इतर' पुरुषांचे आणि ६ बायकांचे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो, त्यात एक बारीकसा पेशींचा पुंजका असतो, तो 'इतर' पुरुषांत सरासरी दुपटीहून मोठा निघाला. किती मोठा, तर साधारण ०.१२ घन मिलिमीटर आणि समलैंगिक पुरुषांत ०.०५. म्हणजे वाळूच्या कणाएवढ्या गोष्टीची कड मायक्रोस्कोपखाली बघून हाताने आखायची. त्यांनी काचांवर फक्त कोड नंबर ठेवून मोजलं, कोण कुठल्या गटातला हे मोजताना माहीत नव्हतं, हे त्यांचं बरोबर केलेलं आहे, मान्य. पण ते १९ च्या १९ जण एड्सने गेलेले होते. 'इतर'मधले ६ सुद्धा एड्सनेच, बाकीचे दुसऱ्या कारणांनी. आणि हे 'इतर' म्हणजे कोण, तर ज्यांच्या हॉस्पिटलच्या कागदांवर समलैंगिक असल्याचं काही लिहिलेलं नव्हतं ते. १६ पैकी फक्त दोघांच्या कागदांत असे संबंध नाहीत असं नोंदवलेलं होतं, बाकीच्या १४ जणांचं धरून चाललेलं. मी आयुष्यभर रिक्विझिशन फॉर्म वाचलेत, त्यावर डॉक्टर पेशंटचं वय सुद्धा कधी कधी अंदाजे टाकतो, मनात कोण आवडतं हे कोण लिहिणार हो? बरं, लव्हे स्वतः गे आहेत आणि त्यांनी स्वतःच नंतर सांगितलं की मी हे जन्मजात असल्याचं सिद्ध केलेलं नाही, मेंदूतलं 'गे सेंटर' पण सापडवलेलं नाही. पण तोवर बातमी जगभर गेली होती. (मथळे तेव्हाही असेच होते.)

आता हे मी एवढं खोलात जाऊन का सांगतोय, तर माझा भाचा गे आहे. चार वर्षांपूर्वी त्याने घरात सांगितलं. ताई रडली, भांडली नाही, पण तिच्या डोक्यात एकच प्रश्न बसला, का? पोटात असताना मी त्या गोळ्या घेतल्या होत्या त्याने झालं असेल का, याचे बाबा सारखे बाहेरगावी होते त्याने झालं असेल का, मीच फार लाड केले का. मला म्हणायची, तू लॅबमधला आहेस, रक्तात काही दिसतं का बघ ना. तुमचा लेख आला तेव्हा तिने तो कात्रीने कापला आणि तिच्या ब्लड रिपोर्टांच्या फाइलमध्ये लावून ठेवला. मला फोन करून म्हणाली, बघ, जन्मजात आहे, माझा काही दोष नाही. तिचा आवाज इतका हलका मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता, त्यामुळे मी गप्प बसलो. बोलला तो भाचा. म्हणाला, मामा, उद्या कुठल्या पेपरात आलं की हे जन्मजात नाहीये, तर आई परत रडायला लागणार का?

त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून हे पत्र.

जुळ्यांचंच घ्या, तुमच्या लेखात तो ५२ टक्क्यांचा आकडा मोठ्या अक्षरात होता. बेली आणि पिलार्ड यांचा तो अभ्यासही १९९१ चाच. एक भाऊ गे असेल तर त्याचा एकसारखा जुळा भाऊही गे असण्याचं प्रमाण ५२ टक्के, दोन वेगळ्या बीजांच्या जुळ्यांत २२ आणि दत्तक भावांत ११. ऐकायला जबरदस्त वाटतं. पण ही माणसं गोळा केली होती गे वाचकांच्या मासिकांत जाहिराती देऊन, आणि ज्याचा जुळा भाऊही गे आहे तोच अशा जाहिरातीला पटकन फोन करणार हे उघड आहे. त्याच बेलींनी पुढे २००० साली ऑस्ट्रेलियातल्या जुळ्यांच्या नोंदवहीतून माणसं घेऊन पुन्हा बघितलं तर पुरुषांत तो आकडा २० वर आला. बेली इथे प्रामाणिक ठरले, स्वतःचाच आकडा स्वतःच खाली आणला, पण तुमच्या लेखात जुनाच छापलाय.

आणि २०१९ चा तो सगळ्यात मोठा अभ्यास, जवळपास ४ लाख ७७ हजार लोकांचा, ज्यावरून मथळा आला असणार. त्यात डीएनएवर पाच जागा सापडल्या हे खरं. सगळे बारीकसारीक फरक मिळून ८ ते २५ टक्क्यांपर्यंत वाटा आनुवंशिकतेचा निघतो हेही खरं, पण त्यावरून एखाद्या माणसाचं काही सांगायला जावं तर अंदाज एक टक्काही धड लागत नाही. मला मात्र खटकलं ते वेगळंच. लोकांना विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता की आयुष्यात एकदा तरी आपल्याच लिंगाच्या व्यक्तीशी संबंध आला का. म्हणजे कॉलेजात एकदा काहीतरी झालं आणि पुढे चाळीस वर्षं बायकोबरोबर सुखाने संसार केला तो 'हो' मध्ये, आणि जन्मभर एका मित्रावर मनातल्या मनात प्रेम केलं पण घाबरून लग्न केलं तो 'नाही' मध्ये. यातले बहुतेक लोक ब्रिटनमधले, नाव नोंदवताना चाळीस ते एकोणसत्तर वयाचे, नोंदणी २००६ ते २०१० मधली. इंग्लंडमध्ये १९६७ पर्यंत पुरुषांमधले असे संबंध गुन्हा होता. म्हणजे त्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्यांनी तिशी गाठेपर्यंत हे तुरुंगात जायचं काम होतं. तेव्हा तिथे मोजलं काय, ओढ मोजली का धाडस मोजलं का संधी मोजली? ओढ वेगळी, वागणं वेगळं आणि स्वतःला आपण काय नाव देतो ते तिसरंच, आणि ही तीन नेहमी एका रांगेत उभी राहतात असं नाही. मानसशास्त्रज्ञ लिसा डायमंड यांनी समलिंगी ओढ असलेल्या बायकांच्या एका गटाला दहा वर्षं पुन्हा पुन्हा भेटून विचारलं तर दोन तृतीयांश जणींनी मधे कधीतरी स्वतःचं लेबल बदललेलं होतं. मग यातलं कुठलं उत्तर जनुकात शोधायचं? (आणि यावरून 'बघा, बदलता येतं' असं म्हणणाऱ्यांना डायमंड यांनीच झापलंय, आपोआप बदलणं वेगळं आणि कोणी धरून बदलवणं वेगळं.)

'होमोसेक्शुअल' हा शब्दच १८६९ चा, कर्टबेनी नावाच्या लेखकाने कायद्याविरुद्ध लिहिलेल्या पत्रकात पहिल्यांदा छापला गेला. त्याआधी प्रेम नव्हतं का, होतंच. पण अमुक एक 'प्रकारचा माणूस' असतो आणि त्याला बरणीत घालून तपासता येतं, ही कल्पना तिथून पुढे फोफावली. बरणीबद्दल मला जरा जास्तच कळतं, आमच्याकडे बरणीवर आधी लेबल लावतात आणि लेबल चुकलं तर आतलं सगळं काम फुकट.

आता मुद्द्याचं. समजा उद्या खरंच कारण सापडलं, अगदी पक्कं. त्याने काय होईल? जन्मजात आहे म्हणजे चांगलं आहे असं होत नाही, थॅलेसेमियाही जन्मजातच असतो आणि आपण त्याची गर्भातच तपासणी करतो. आणि जन्मजात नाही म्हणजे वाईट असंही नाही, धर्म घेऊन कोणी पोटातून येत नाही, माणूस मोठेपणी तो बदलतो सुद्धा, त्याला कोणी म्हणत नाही की आधी जीन दाखव मग हक्क देतो. मग इथेच दाखला का मागायचा?

मॅग्नस हिर्शफेल्ड नावाचे जर्मन डॉक्टर होते, त्यांचं ब्रीद होतं 'विज्ञानातून न्यायाकडे'. त्यांना वाटायचं हे निसर्गतःच आहे असं एकदा दाखवून दिलं की कायदा आपोआप पडेल. १९१९ ला बर्लिनमध्ये संस्था काढली, हजारो पुस्तकं, नोंदी, फोटो जमवले. मे १९३३ मध्ये नाझींनी ती लुटली आणि पुस्तकं चौकात जाळली. 'जन्मजात' या शब्दाने कोणाला वाचवलं नाही, जन्मावरूनच तर माणसं मारली जात होती. पुढे १९४४ ला बुखेनवाल्डच्या छावणीत एका डॅनिश डॉक्टरने गे कैद्यांच्या शरीरात हॉर्मोनच्या कुप्या बसवून 'उपाय' करून बघितला. आणि युद्ध संपल्यावर सगळे शहाणे झाले असंही नाही, पूर्व जर्मनीत ड्योर्नर नावाचे संशोधक उंदरांवरच्या प्रयोगांवरून सांगत होते की गरोदरपणात हॉर्मोन देऊन हे टाळता येईल. ताईच्या गोळ्यांचा प्रश्न आणि ड्योर्नरचा प्रश्न एकच आहे, फक्त ताई रडत विचारते. 'टाळता येईल का' असं विचारणाऱ्याने 'का टाळायचं' याचं उत्तर आधीच ठरवून टाकलेलं असतं.

याचा अर्थ अभ्यासच करू नका असं मी म्हणत नाही, तसं म्हणणं म्हणजे माझ्याच पोटावर पाय. एव्हलिन हूकर बाईंनी १९५७ ला साधंच केलं. ३० गे आणि ३० इतर पुरुष घेतले, जे उपचाराला वगैरे आलेले नाहीत असे, त्यांच्या मानसिक चाचण्या केल्या आणि नावं झाकून तज्ज्ञांना दिल्या की ओळखा कोण कुठला. तज्ज्ञांना ओळखता येईना. तोवरचे डॉक्टर फक्त दवाखान्यात आलेली किंवा तुरुंगातली माणसं बघून हा आजार आहे म्हणायचे. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ ला आजारांच्या यादीतून हे काढलं त्यामागे असं काम होतं. आणि ते काढण्यात पुढाकार असलेले स्पिट्झर, त्यांनीच २००३ मध्ये २०० जणांच्या फोनवर मुलाखती घेऊन लिहिलं की थेरपीने काही जण बदलतात. फोनवर माणूस बोलला ते खरं धरलं, बस. किती आईबापांनी तो पेपर दाखवून मुलांना पाठवलं असेल कोण जाणे. २०१२ ला म्हातारपणी त्यांनी जाहीर माफी मागितली. माफी मागितली हे मोठेपण, पण ते कात्रण कोणाकोणाच्या फाइलमध्ये गेलं असेल त्यांना माफीची बातमी पोचली का?

म्हणून एक विनंती. पुढच्या वेळी असला लेख छापाल तेव्हा चौकटीत एवढं टाका की माणसं कुठून घेतली आणि त्यांना नेमका काय प्रश्न विचारला. दोन ओळींची जागा लागते. आणि मथळ्याची दुरुस्ती पण छापा, शक्यतो त्याच पानावर, आत कुठेतरी कोपऱ्यात नको.

ताईला मी अजून काही बोललेलो नाही. हे पत्र छापलंत तर मी स्वतः कापून तिच्या फाइलमध्ये त्या लेखाच्या मागे लावणार आहे, वाचेल तेव्हा वाचेल.

आपला जुना वाचक,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन