तंबाखूमुक्ती सेवेतील समुपदेशक ताईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय ताईंस,
सप्रेम नमस्कार.

आपले नाव मला ठाऊक आहे, परंतु आपल्या परवानगीवाचून ते येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही. फोनवर मी आपल्याला ‘ताई’ म्हणत असे आणि आपण मला ‘काका’ म्हणत होता. तेच नाते या पत्रात ठेवतो. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेच्या १८००-११-२३५६ या निःशुल्क क्रमांकावर मी प्रथम बोललो त्याला आता वर्ष उलटून गेले. ठरवलेल्या दिवसापासून मी बिडी वा सिगारेट ओढलेली नाही. तीस वर्षांहून जुनी सवय सुटली याबद्दलचे आभार फोनवर मानून झाले आहेत. तरीही हे पत्र चारचौघांसमोर लिहितो, कारण आपण केलेली मदत नेमकी कशी होती हे इतरांना कळावे असे मला मनापासून वाटते. सोडण्याची इच्छा असलेली पुष्कळ माणसे माझ्या ओळखीत आहेत. फोन उचलण्यापासून त्यांना अडवते ती एकच धास्ती, की पलीकडचा माणूस आपल्याला चार शब्द सुनावील आणि आपल्याला मान खाली घालून ते ऐकावे लागतील.

ती धास्ती मलाही होती. ‘इतकी वर्षे का ओढलीत’, ‘घरच्यांचा विचार कधी मनात आला नाही का’ अशा प्रश्नांची उत्तरे मी मनाशी जुळवूनच क्रमांक फिरवला होता. आपण विचारलेत ते प्रश्न अगदी वेगळे होते: सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने ओढता, दिवसातली कोणती सिगारेट सोडणे सर्वांत जड जाईल, आजारी पडून अंथरुणावर असतानाही ओढता का. मी तोंड धुण्याआधीच पेटवतो हे ऐकून आपण कोणताही शेरा मारला नाहीत. धुराबरोबर आत गेलेले निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूपर्यंत पोहोचते, रक्तातले त्याचे प्रमाण साधारण दोन तासांनी निम्म्यावर येते, आणि रात्रभराच्या झोपेत ते इतके उतरते की जाग येताच शरीर आधी त्याचीच मागणी करते, हे आपण शांतपणे समजावून सांगितलेत. ज्याला मी इतकी वर्षे मनाचा दुबळेपणा समजत होतो त्यामागे एवढे सरळ कारण आहे, हे तोवर मला कुणी सांगितले नव्हते. त्या दिवशी फोन ठेवताना मनावरचे ओझे बरेच उतरले होते.

पुढच्या एका बोलण्यात मी आपल्याला आईविषयी सांगितले, आणि या पत्राचे खरे कारण तेच आहे.

सोलापूरच्या पूर्व भागात आमचे दोन खोल्यांचे घर होते आणि त्या घराची चूल बिडीवर पेटत होती. आई रात्री तेंदूची पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवी, पहाटे पानावर पत्र्याचा साचा धरून कात्रीने ती कापून घेई आणि मग सूप मांडीवर घेऊन दिवसभर वळत बसे. पानात चिमूटभर तंबाखू, बोटांच्या पेरांवर एक घट्ट गुंडाळी, वरचे तोंड आत मुडपणे आणि दोऱ्याचा वेढा, एवढे सगळे तिच्या हातून आमच्याशी बोलता बोलता होत असे. हजारभर बिड्या झाल्या की ती त्या कारखान्यात मोजून द्यायला जाई, आणि तिथल्या तपासणीत ज्या बाजूला काढल्या जात त्यांची मजुरी बुडे. तिने स्वतः कधी बिडी ओढली नाही. तंबाखूची भुकटी मात्र श्वासावाटे तिच्या छातीत जात राहिली. बिडी कामगारांसाठी १९७६ च्या कायद्याने उभारलेल्या कल्याण निधीतून मुलांना शिष्यवृत्ती मिळे. त्या पैशांवर माझी वह्या-पुस्तके आली, आणि त्या शिक्षणावर मी सुताचा व्यापार करणाऱ्या एका पेढीत हिशेबनीस झालो. ज्या घरात तंबाखूने अन्न दिले त्या घरातल्या माणसाने तिला वाईट कोणत्या तोंडाने म्हणायचे, असे मी आपल्याला विचारले होते. माझा आवाज तेव्हा चढला होता.

आपण थोडा वेळ काहीच बोलला नाहीत. मग म्हणालात की, तंबाखू सोडण्यासाठी आईच्या कष्टांना कमी लेखण्याची काहीही गरज नाही. त्या कष्टांतून तिने मुलाला शिकवले, तेवढे आपण तिचे म्हणून ठेवू आणि ओढण्याचा विचार वेगळा करू. माझ्या आईचा उल्लेख आपण ‘त्या’ असा आदराने केलात, आणि सोलापूर, सिन्नर, कामठी येथील बिडी वळणाऱ्या बायकांच्या हाताला दुसरे काम मिळायला हवे हेही आवर्जून म्हणालात. मला हे कुणीतरी म्हणायला हवे होते. माझे शिकलेले नातेवाईक बिडीचे नाव निघाले की विषय बदलतात, आणि आरोग्याविषयी बोलणारी माणसे बिडी वळणाऱ्यांविषयी क्वचितच बोलतात. आपण दोन्ही गोष्टी एकाच श्वासात बोललात, आणि मग मला पुढचे सगळे ऐकता आले.

त्यात बिडीविषयीचा माझा एक जुना समजही निघाला. बिडी झाडाच्या पानाची असते, तिच्यात तंबाखू थोडी असते, म्हणून ती सिगारेटपेक्षा सौम्य, असे आमच्याकडे सर्रास मानतात आणि मीही महाविद्यालयात असताना याच समजुतीवर बिडीपासून सुरुवात केली होती. तंबाखू कमी असते हे खरे असले तरी तेंदूचे पान सिगारेटच्या कागदासारखे आपोआप जळत राहत नाही, विझू नये म्हणून बिडी पुनःपुन्हा आणि जोराने ओढावी लागते, आणि त्यामुळे निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे तिन्ही सिगारेटहून अधिक प्रमाणात आत जातात, हे आपल्याकडून कळले. आमचे अर्धे आयुष्य त्या पानांच्या ढिगाशेजारी गेले, पण ही गोष्ट घरात कुणालाच माहीत नव्हती.

यानंतरचे आपले काम फार पद्धतशीर होते. सोडण्याचा दिवस ठरवण्याआधी आठवडाभर प्रत्येक सिगारेटची वेळ, जागा आणि कारण लिहून ठेवा, असे आपण सांगितलेत. नोंदी ठेवणे हा माझा धंदाच असल्याने ते मी चोख केले, आणि आठवड्याअखेरीस ते पान वाचताना मला माझाच दिवस नव्याने दिसला. सुताच्या गोदामात काडी पेटवायला सक्त मनाई असते, त्यामुळे प्रत्येक वेळी मला उठून रस्त्यापलीकडे जावे लागे. नोंदी पाहता निम्म्याहून अधिक सिगारेटी मी खुर्चीतून उठण्यासाठीच ओढत होतो. थकबाकीदाराशी बोलणे झाले की एक, बिलांचा एक गठ्ठा संपला की एक, चहाबरोबर हटकून एक. तलफ खरी कडक होती ती पहाटेची आणि जेवणानंतरची. आपण त्या दोन वेळांसाठी वेगळा उपाय ठरवलात आणि बाकीच्या वेळी फक्त उठून रस्त्यापलीकडे जाऊन परत यायला सांगितलेत, खिशात सिगारेट वा काडेपेटी न ठेवता. इतका साधा उपाय इतका लागू पडेल असे मला वाटले नव्हते.

निकोटिनच्या गमविषयी, म्हणजे धुराशिवाय तलफ शमवणाऱ्या औषधी च्युइंगगमविषयी, मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण तो चुकीच्या रीतीने चघळून टाकून देणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. मी स्वतः पूर्वी तो आणला होता आणि उचकी व मळमळ सुरू झाल्याने बंद केला होता. तो सतत चघळायचा नसतो हे आपण सांगितलेत. सावकाश काही वेळा चावायचा, तोंडात चुरचुर जाणवली की गाल आणि हिरडी यांच्यामध्ये दाबून ठेवायचा, चुरचुर ओसरली की पुन्हा चावायचा, आणि हे साधारण अर्धा तास चालू ठेवायचे. निकोटिन तोंडाच्या आतल्या त्वचेतून शोषले जाते, लाळेबरोबर गिळले तर पोटात जाऊन त्रास देते. चहा, कॉफी वा लिंबू-सरबत घेतले असेल तर पंधरा मिनिटे थांबायचे, नाहीतर शोषण नीट होत नाही. २ मिलिग्रॅमचा गम औषधांच्या दुकानात चिठ्ठीवाचून मिळतो, ४ मिलिग्रॅमचा घ्यायचा तर डॉक्टरांची चिठ्ठी लागते. माझी पहिली सिगारेट उठल्याउठल्या असल्याने आपण मला आधी डॉक्टरांकडे पाठवलेत आणि त्यांनी मोठ्या मात्रेपासून सुरुवात करून काही आठवड्यांत ती उतरवत नेली. आपल्या खिशात बडीशेप आणि लवंग असू द्या, पण मावा, म्हणजे तंबाखू-सुपारीचे मिश्रण, किंवा नुसती सुपारी यांकडे वळू नका, असेही आपण बजावलेत. आमच्या भागात सिगारेट सोडली म्हणून मावा धरणारे कमी नाहीत, आणि तंबाखू काढून घेतली तरी नुसती सुपारीही कर्करोगाला कारण होते.

पहिले तीन-चार दिवस कठीण जातील हे आपण आधीच सांगितले होते आणि ते तसे गेले. चिडचिड, डोके जड, मन कशातच लागेना. झोप तर पार उडाली होती. तेव्हा आपण चहाविषयी विचारलेत. तंबाखूच्या धुरामुळे शरीर कॅफिनचा निचरा झपाट्याने करते, धूर थांबला की तेवढ्याच चहातले कॅफिन रक्तात जास्त वेळ राहते आणि झोप मोडते, ही गोष्ट मी प्रथमच ऐकली. दुपारनंतरचा चहा बंद केल्यावर आठवडाभरात झोप रुळावर आली. मधे खोकला वाढला तेव्हाही मी घाबरून गेलो होतो. श्वासनलिकांमधली साफसफाई पुन्हा सुरू झाल्याने काही दिवस असे होऊ शकते, परंतु रक्त पडले किंवा खोकला लांबला तर डॉक्टरांना दाखवायचेच, असे आपण स्पष्ट सांगितलेत. खोटा धीर आपण एकदाही दिला नाहीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

मार्च महिना आपल्याला आठवत असेल. वर्षअखेरीचे हिशेब, जीएसटीच्या नोंदींची जुळवणी, रात्री उशिरापर्यंत पेढीवर बसणे, आणि सोबतचे दोघे तिघे दर तासाला बाहेर जाऊन धुराचा वास अंगावर घेऊन येणारे. ठरल्या दिवशी आपला फोन आला तेव्हा मी जिन्यात उभा होतो आणि खाली जायचे की नाही याचा निर्णय होत नव्हता. आपण म्हणालात, काका, तलफ काही मिनिटे चढते आणि उतरते, तेवढा वेळ आपण बोलत राहू. मग आपण मला ताळेबंद म्हणजे काय ते विचारलेत, आणि मी उभ्याउभ्या जमा-नावे, मालसाठा, घसारा असे सगळे समजावत राहिलो. बोलणे संपले तेव्हा तलफ ओसरली होती आणि मी वर जाऊन कामाला बसलो. आपल्याला ताळेबंदात रस होता की नाही हे मला माहीत नाही, पण आपण ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी फोन केलात. माझ्या सुटकेत याचा वाटा सर्वांत मोठा आहे असे माझे ठाम मत आहे. सल्ला एकदाच मिळाला असता तर तो पहिल्या पंधरवड्यातच विरून गेला असता.

आता साठीच्या उंबरठ्यावर सोडून काय मिळणार, असेही मी एकदा म्हणालो होतो. त्यावर आपण ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या अभ्यासाची माहिती दिलीत. १९५१ मध्ये सुरू होऊन पन्नास वर्षे चाललेल्या त्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले: तिशीत सोडणाऱ्यांना सुमारे दहा वर्षांचे आयुष्य परत मिळते, पन्नाशीत सोडणाऱ्यांना सहा आणि साठीत सोडणाऱ्यांनाही तीन. त्यापैकी माझ्या वाट्याची वर्षे मी मनोमन मोजून ठेवली आहेत.

आपला क्रमांक मला इतक्या उशिरा का दिसला याचाही मी विचार केला. १ सप्टेंबर २०१८ पासून तो तंबाखूच्या प्रत्येक पाकिटावर छापणे बंधनकारक आहे. मी मात्र कायम सुटी सिगारेट घेत आलो आणि सुट्या सिगारेटीवर ना इशारा असतो ना क्रमांक. महाराष्ट्रात २०२० मध्ये सुटी विक्रीवर बंदी आली, पण ती टपऱ्यांपर्यंत पुरती पोहोचलेली नाही. ही बंदी खरोखर अमलात आली पाहिजे, कारण निदान मदतीचा पत्ता तरी ओढणाऱ्याच्या हातात पडेल. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल छाती रोग संस्थेत सुरू झालेली ही सेवा दोन वर्षांनी मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रातूनही सुरू झाली, आणि म्हणून मला माझ्या मराठीत बोलता आले. आईविषयीचे ते बोलणे मला दुसऱ्या भाषेत जमले नसते.

शेवटी एक विनंती. आमच्या पेढीवरच्या एका हमालाने मावा सोडायचे ठरवले आहे. ही सेवा धूर काढणाऱ्यांपुरती आहे असा त्याचा समज होता. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले सुमारे ४ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे आणि सुमारे २४ टक्के तंबाखू खाणारे वा लावणारे आढळले होते, त्यामुळे आपल्याकडे येणारे बहुतेक फोन त्याच्यासारख्यांचेच असतील, हे मी त्याला सांगितले आहे. तो या आठवड्यात फोन करील, त्यालाही असाच हात द्यावा. त्याची आईदेखील बिड्या वळत असे.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला कृतज्ञ,
सोलापूरचा एक हिशेबनीस