प्लाझ्मा-जेटच्या छायाचित्रासोबत चार तपशीलही छापा

महोदय,

‘ताऱ्याचा झोत प्रयोगशाळेत साकारला’ अशा मथळ्याच्या बातम्या अलीकडे अधूनमधून दिसतात. एका बाजूला लेसरने उडवलेल्या प्लाझ्माचा (विद्युतभारित तप्त वायूचा) निमुळता जेट म्हणजे झोत, दुसऱ्या बाजूला दुर्बिणीने टिपलेला तरुण ताऱ्याचा जेट. चित्रे सारखी दिसतात, हे खरेच. पण लेसरचा जेट निदान दोन अगदी वेगळ्या कारणांनी तयार होतो आणि बातमीत नेमके तेच गाळलेले असते.

प्रागच्या ‘पाल्स’ या आयोडीन लेसरवरचे प्रयोग घ्या. 438 नॅनोमीटर तरंगलांबीचा, सुमारे 100 जूल ऊर्जेचा किरण पाव नॅनोसेकंदासाठी (नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग) तांब्याच्या जाड तुकड्यावर पडतो. इथे किरण टोकदार करायचा नसतो. किरणाच्या ठिपक्याची त्रिज्या 300 मायक्रोमीटरच्या आसपास ठेवतात. तापलेले तांबे भराभर प्रारण करते, म्हणजे प्रकाश आणि क्ष-किरण बाहेर टाकते, उष्णता गमावते, दाब घटतो. मग प्लाझ्मा बाजूला न पसरता अक्षावर गोळा होतो. ठिपका मधोमध थोडा मंद असेल, तर कडेचे द्रव्य आत वळून जेट आणखी बारीक होतो. तांब्याच्या जागी साधे प्लास्टिक ठेवले की हलकी मूलद्रव्ये पुरेसे प्रारण करत नाहीत आणि जेटऐवजी फुगा मिळतो.

आता पॅरिसजवळच्या ‘लुली’ प्रयोगशाळेचा 2014 मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग पाहा. लक्ष्य प्लास्टिकचेच, तरीही जेट लांबलचक. कारण प्रवाहाच्या दिशेने 20 टेस्लाचे चुंबकीय क्षेत्र होते, म्हणजे जवळपास 1600 वातावरणांइतका चुंबकीय दाब. पसरणारा प्लाझ्मा क्षेत्राला बाहेर ढकलून पोकळी करतो, तिच्या भिंतीलगत वाहत टोकाशी एकवटतो, तिथे शंकूच्या आकाराचा आघात (शॉक, म्हणजे दाब-घनतेची एकदम वाढ) तयार होतो आणि त्यापुढे जेट निघतो. प्रागचा जेट प्रारणाने बांधलेला, हा चुंबकाने. ताऱ्यांच्या जेटबद्दलचा वाद मुख्यतः चुंबकीय क्षेत्रावर आहे. म्हणून कोणता प्रयोग कोणत्या प्रश्नाचे उत्तर देतो, हे सांगितल्याशिवाय तुलना पोकळ राहते.

मापाचा फरक वाचकांना थक्क करतो, पण अडचण तिथे नाही. 5 मिलिमीटरचा जेट सेकंदाला 200 किलोमीटर वेगाने 25 नॅनोसेकंदांत पार होतो. त्याच वेगाने 1000 खगोलीय एकके (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) कापायला जवळपास 24 वर्षे लागतात. वेग, घनता आणि दाब यांचे गुणोत्तर दोन्हीकडे जुळले, तर प्रवाहाचे गणित एकच राहते. अट एवढीच की चिकटपणा, उष्णतावहन आणि विद्युतरोध नगण्य असावेत. थंड होत गेलेल्या जेटमध्ये शेवटची अट सर्वांत आधी मोडते. प्रारणाने थंड होण्याचा वेळ आणि प्रवाहाचा वेळ यांचे प्रमाणही जुळावे लागते, आणि ते क्वचितच नीट जुळते.

घनतेच्या आकड्याबद्दलही सावध असावे. जेटमधून तपासणीचा दुसरा लेसर किरण सोडतात आणि इंटरफेरोमीटर या उपकरणात दिसणाऱ्या फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराच्या पट्ट्या, किती सरकल्या यावरून तो काढतात. 532 नॅनोमीटरच्या किरणाला एक फ्रिंज सरकायला मार्गातल्या दर चौरस सेंटीमीटरला सुमारे 4.2 गुणिले 10 चा 17वा घात इतके इलेक्ट्रॉन लागतात. तपासणीचा किरण 8 नॅनोसेकंदांचा घेतला, तर तेवढ्यात जेट 1.6 मिलिमीटर पुढे सरकतो आणि फ्रिंज पुसल्या जातात; म्हणून पिकोसेकंदांचे (पिकोसेकंद म्हणजे नॅनोसेकंदाचा हजारावा भाग) स्पंद हवेत. लक्ष्याजवळच्या दाट भागात किरण वाकून भिंगाबाहेर जातो, म्हणून जेटचे मूळ काळेच दिसते. पुढे या मोजणीतून आतली घनता काढणारी एबेल रूपांतर ही गणिती पद्धत जेटला अक्षाभोवती सममित धरते आणि त्यातला सगळा गोंगाट अक्षावरच साचतो, म्हणजे जिथे आपल्याला आकडा हवा असतो नेमका तिथेच.

‘हे मुंबईत का होत नाही?’ असा प्रश्न अशा बातमीनंतर हमखास येतो. मुंबईच्या टीआयएफआरचा (टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा) मोठा लेसर फेम्टोसेकंदांचा, म्हणजे नॅनोसेकंदाहून कितीतरी छोट्या स्पंदांचा आहे. तो अतितीव्र क्षेत्रांच्या अभ्यासासाठी आहे आणि त्याचे काम वेगळे. इथे वर्णन केलेल्या जेटना पाव ते एक नॅनोसेकंदाचे स्पंद आणि दहा-वीस ते शंभर जूल ऊर्जा लागते.

तेव्हा अशी बातमी छापताना लक्ष्याचा पदार्थ, ठिपक्याचा व्यास, चुंबकीय क्षेत्र आणि भोवती वायू होता की निर्वात पोकळी, एवढे चार तपशील छायाचित्राखाली द्यावेत. शोधनिबंधात ते बहुधा प्रयोगाच्या मांडणीच्या परिच्छेदातच असतात.

– प्लाझ्मा भौतिकीचे काही अभ्यासक, पुणे