अगाथाबाईंची मागे राहिलेली पुस्तकं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू म्हणालास की ओरिएंट एक्स्प्रेस झाली, नाईलवरचा खून झाला, बेटावरची ती दहा माणसंपण झाली, आता अगाथा ख्रिस्ती संपली. अरे संपली कुठे! साठाच्या वर रहस्यकादंबऱ्या आहेत बाईच्या, आणि जी पुस्तकं मागे पडलीत त्यातच ती मला जास्त भेटते.

तू आधी 'फाइव्ह लिट्ल पिग्ज' घे. १९४२ चं आहे. एमियस क्रेल नावाचा चित्रकार, घरात बायको असताना मॉडेल म्हणून आणलेल्या पोरीत गुंतलेला, आणि एक दिवस तिचं चित्र काढता काढता तिथेच मरतो. विषप्रयोग. बायकोला शिक्षा होते, ती तुरुंगातच मरते. सोळा वर्षांनी त्यांची मुलगी पॉयरोकडे, बाईंच्या त्या डिटेक्टिव्हकडे येते, की माझ्या आईने हे केलं नव्हतं, तुम्ही शोधा. आता सोळा वर्षांनी काय शोधणार रे, ना ठसे ना काही, उरलीयेत फक्त तेव्हा तिथे असलेली पाच माणसं आणि त्यांना जे आठवतंय ते. पॉयरो प्रत्येकाला भेटतो आणि नंतर सगळं लिहून मागतो, म्हणजे तेच दोन दिवस आपण परत परत वाचतो आणि दर वेळी ती बायको वेगळीच दिसते, एकाला दुष्ट, एकाला बिचारी. मला तर शेवटी खुनी कोण यापेक्षा तिच्यासाठीच गलबलून आलं. तो चित्र काढत बसतो ना, नदीवरची तोफांची जागा, ती बाईंच्या स्वतःच्या ग्रीनवेच्या बागेतली आहे, डार्ट नदीच्या काठावर, १९३८ मध्ये घेतलेलं घर. म्हणून ते ऊन, ते पाणी इतकं खरं वाटतं.

मग 'द पेल हॉर्स', १९६१. यात पॉयरो नाही, बाईंची दुसरी डिटेक्टिव्ह मिस मार्पलही नाही. पहिल्या महायुद्धात बाई टॉर्कीच्या हॉस्पिटलात औषधं बनवायला शिकत होत्या, तेव्हा शिकवणारा एक फार्मासिस्ट खिशात क्युरारे नावाच्या विषाचा तुकडा घेऊन फिरायचा, का तर म्हणे त्याने ताकद असल्यासारखं वाटतं. तो माणूस बाईंच्या डोक्यात चाळीसेक वर्षं बसून राहिला आणि मग या पुस्तकात उतरला. यात विष आहे थॅलियम, केस गळतात. आणि ऐक, १९७७ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलात कतारहून आणलेलं एकोणीस महिन्यांचं एक बाळ होतं, डॉक्टरांना निदान होईना, तिथली एक नर्स नेमकी हेच पुस्तक वाचत होती, तिने बाळाचे केस गळताना बघितले आणि थॅलियम म्हणाली. बरोबर निघालं, बाळ वाचलं. मी हे वाचलं तेव्हा पुस्तक मिटून नुसता बसून राहिलो.

'डेथ कम्स ॲज द एन्ड' तर चार हजार वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधलं आहे, एका घरातली भांडणं, बापाने आणलेली नवी बाई, सगळं आपल्या वाड्यातल्यासारखं. ते नंतर वाच.

'फाइव्ह लिट्ल पिग्ज'ची माझी प्रत उद्या पोस्टात टाकतोय. मागची पानं चाळू नकोस, तुझी सवय मला माहितीये. त्यात एमियस बिअर पितो आणि तोंड वाकडं करून एक वाक्य बोलतो, तिथे थोडा थांब, आणि मग मला फोन कर.

तुझाच